न दिलेला ठिपका

होटगीच्या स्टेशनात तेव्हा दोन वेगवेगळे रूळ येऊन मिळायचे. एक मोठा, मुंबईहून मद्रासकडे जाणारा. दुसरा लहान, गदग-विजापूरकडून येणारा. लहान गाडीची वाघीण मोठ्या रुळावर चालत नसे. म्हणून विजापूरकडून आलेला माल होटगीला उतरायचा, माणसांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढायचा आणि मग पुढच्या मुलखाला लागायचा. मोठ्या गाडीनं आलेला माल तसाच लहान गाडीत जायचा.

तिथल्या हमालांत एक जण असा होता की त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टोळीची मोजणी त्याच्याकडे असायची. दर दहा पोत्यांमागे तो वाघिणीच्या दारावर खडूनं एक रेघ ओढायचा. संध्याकाळी रेल्वेचा बाबू यायचा, रेघा मोजायचा आणि चोपडीत आकडा लिहायचा. त्या आकड्यावर कधी तंटा झाला नाही.

त्या हमालाला एक मुलगा होता. घरात कन्नड, शाळेत मराठी, अशा दोन भाषांत तो वाढला. तिसरी भाषा त्याच्या कानावर पडली ती गोष्टीतून. शाळेतले गुरुजी डॉक्टर कोटणीसांची गोष्ट सांगायचे. सोलापुरात 1910 साली जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये चीनला गेला, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि 1942 मध्ये तिथंच गेला. गोष्ट संपली की मुलं त्यांच्या धाडसाबद्दल बोलायची. या मुलाचं एकच विचारणं असायचं. "गुरुजी, ते रोग्यांशी कुठल्या भाषेत बोलायचे?"

"चिनी शिकले होते ते. बोलायचे, लिहायचेसुद्धा."

"कशी शिकले?"

गुरुजी म्हणाले, "गरज होती म्हणून शिकले."

1962 साली लढाई झाली आणि चीनचं नाव काढणं गावात अवघड झालं. मुलगा तेव्हा मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होता. त्यानं आपलं कुतूहल मनात ठेवलं आणि संस्कृतचा अभ्यास चांगला केला. त्या जोरावर तो पुण्याला गेला. कॉलेजात संस्कृतच्या जोडीला त्यानं पाली घेतली. वर्गात चार मुलं होती. वर्षाअखेरीस दोन उरली.

पाली शिकवणारे सर मितभाषी होते. एकदा त्यांनी वर्गात एका हरवलेल्या पुस्तकाची हकिगत सांगितली. बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' सगळ्यांना माहीत होता. पाचव्या शतकातला, 23 प्रकरणांचा, ध्यानाच्या वाटेवरचा मोठा ग्रंथ. त्याच्यासारखंच आणखी एक पुस्तक होतं, 'विमुत्तिमग्ग', उपतिस्स नावाच्या थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, रचलेलं. जुन्या टीकाकारानं त्याचा उल्लेख केला होता, पण पाली पुस्तक काही हाती लागत नव्हतं. ते सापडलं चिनी भाषेत. फूनान म्हणजे आजच्या कंबोडियाकडून चीनला गेलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूनं इसवी सन 515 च्या सुमारास त्याचं भाषांतर करून ठेवलं होतं. मूळ ग्रंथ विस्मरणात गेला, भाषांतर चौदाशे वर्षं टिकलं. 1919 साली नागाई नावाच्या जपानी पंडितांनी त्याची ओळख जगाला करून दिली.

"मग ते आपल्याकडे कोणी वाचलं?" मुलानं विचारलं.

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी आपल्या गुरूंचं नाव घेतलं. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबींच्या हाताखाली पाली शिकलेले. कोसंबी हे गोव्यातल्या साखवळचे, बुद्धाचा शोध घेत घर सोडून निघालेले, सिंहलद्वीपापर्यंत गेलेले. त्यांनी अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचं काम केलं. त्यांचे शिष्य बापट त्याच हार्वर्डला गेले, चिनी शिकले, आणि 'विसुद्धिमग्गा'शेजारी तो चिनीतला 'विमुत्तिमग्ग' ठेवून ओळीला ओळ लावून पाहिली. 1932 साली त्यांना त्यावर डॉक्टरेट मिळाली. 1937 साली ते पुस्तक पुण्यात छापून निघालं.

"एका ग्रंथात ध्यानाचे विषय 40 आहेत, दुसऱ्यात 38," सर म्हणाले. "दोन कमी का, याचा विचार करायला सुद्धा दोन्ही लिप्या यायला लागतात."

तास संपल्यावर मुलगा सरांच्या मागोमाग गेला आणि म्हणाला, "मला शिकायचंय."

सरांनी त्याला लगेच हो म्हटलं नाही. ते म्हणाले, "पहिली दोन वर्षं तुला काहीच येणार नाही. तिसऱ्या वर्षी आपल्याला काही येत नाही एवढं नीट कळेल. पोटाला यातून काय मिळेल, ते मी सांगू शकत नाही."

मुलगा म्हणाला, "चालेल."

सरांनी ग्रंथालयातून एक जाड खंड काढून त्याच्यापुढे ठेवला. टोकियोत 1924 ते 1934 या काळात छापलेल्या चिनी त्रिपिटकाचा तो 32 वा खंड होता. पान उघडलं. पानाचे आडवे तीन पट्टे. प्रत्येक पट्ट्यात 29 उभ्या ओळी, प्रत्येक ओळीत 17 अक्षरं. उजवीकडून सुरू करायचं, वरून खाली यायचं. दोन शब्दांत मोकळी जागा नाही. मधूनमधून संपादकांनी वाक्य तोडल्याच्या बारीक खुणा केलेल्या, पण सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या खुणांवर विसंबू नकोस. मुळात त्या नव्हत्या. वाक्य कुठं संपतं हे तुला स्वतःला ठरवायचंय."

एक अक्षर कोशात शोधायला पाव तास लागायचा. आधी त्या अक्षराचा मुख्य भाग ओळखायचा. असे 214 भाग आहेत. मग उरलेल्या रेघा मोजायच्या. तीन रेघा, सात रेघा, अकरा रेघा. मोजणी एकानं चुकली की कोशाचं पान चुकलं.

पहिली ओळ लावायला त्यानं आठवडा घेतला. ग्रंथकाराच्या नावाची ती ओळ होती. चार अक्षरांचे अर्थ त्यानं कोशातून काढून आणले आणि सरांपुढे वाचून दाखवले. "उत्तम. लाट. तळ. वाळू." त्याला वाटलं, ही कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्याची गोष्ट आहे.

सरांनी विचारलं, "आता अर्थ सोड. नुसता उच्चार कर."

त्यानं कोशात पाहून उच्चार केला. "यौ, पो, ती, शा."

"पुन्हा, जरा भरभर."

तो पुन्हा म्हणाला आणि मध्येच थांबला. यौ-पो-ती-शा. उपतिस्स. चिनी लिहिणाऱ्यानं आपल्याकडचं नाव कानानं ऐकून, जवळात जवळ येणारी अक्षरं लावून लिहिलं होतं. लाट नव्हती, वाळू नव्हती. एका माणसाचं नाव होतं, आणि ते दीड हजार वर्षांनी एका होटगीच्या मुलानं मोठ्यानं उच्चारलं होतं. त्या रात्री त्याला झोप आली नाही.

पण अशी रात्र एखादीच. बाकीचे दिवस रेघा मोजण्यात गेले. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला तो गावी आला, तेव्हा बापानं विचारलं, "किती झालं?"

"एक पान होत आलं, अप्पा."

"पुस्तक किती पानांचं?"

"साठ-बासष्ट पानं असतील."

अप्पा हसला नाही. मनाशी हिशेब करून म्हणाला, "व्हईल."

वर्षं गेली. मुलगा एम. ए. झाला. त्याच्याबरोबरचे बँकेत लागले, विमा कंपनीत लागले. तो एका शाळेत अर्धवेळ संस्कृत शिकवायचा आणि उरलेला वेळ त्या उभ्या ओळींपुढे बसायचा. गावी आला की लोक विचारायचे, "शत्रूची भाषा कशाला शिकतोस?" तो सांगून पाहायचा की चिनी यात्रेकरू युआन श्वांग सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातून गेला. त्यानं पुलकेशीचं राज्य पाहिलं, इथल्या माणसांचा स्वभाव लिहून ठेवला. परत जाताना 657 ग्रंथ नेले आणि मरेपर्यंत त्यातल्या 75 ग्रंथांचं भाषांतर केलं. आपल्याकडचं आपण जे हरवलं ते त्यांच्याकडे जपून ठेवलेलं आहे. लोक ऐकून घ्यायचे. मग कोणी तरी म्हणायचं, "ते खरं रे, पण त्याचं करायचं काय?"

1972 साल आलं. पाऊस गेला. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीचं ताट उभं राहिलं नाही. बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. बाहेरून तांबडी मिलो ज्वारी आली, आणि लोक तिची भाकरी पाण्याबरोबर गिळू लागले. होटगीच्या स्टेशनात मिलोची पोती पडू लागली.

मुलगा पुण्याहून आला तो परत जायचं नाही असं ठरवून आला. वह्या त्यानं एका ट्रंकेत भरून टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बापाबरोबर पोती वाहू लागला. खांदे सोलले. अप्पानं त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी अव्वानं त्याच्या खांद्याला तेल लावलं, तिनंही काही विचारलं नाही.

काही दिवसांनी पुण्याचे सर विजापूरला निघाले होते. मोठी गाडी होटगीला आली, लहान गाडीला चार तासांचा अवकाश होता. ते बाकावर बसले. समोरून पाठीवर पोतं घेतलेला आपला विद्यार्थी जाताना त्यांनी पाहिला.

पोतं टाकून तो आला आणि त्यांच्या पाया पडला. मग एकदम बोलून गेला. "सर, इथं माणसं मिलो खातायत. मी पुण्यात बसून रेघा मोजत होतो. कोणासाठी? बापट सरांनी जे केलं त्यापुढं माझं काय? ते कोसंबींचे शिष्य. हार्वर्डला गेलेले. मी हमालाचा मुलगा. त्यांच्या ओळीत मी बसत नाही."

अप्पा मागं येऊन उभा राहिला होता. सरांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो खाली जमिनीवरच टेकला. मग सरांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. भांडारकर संस्थेनं 1970 साली काढलेलं. बापटांनी हिराकावा या जपानी पंडितांबरोबर केलेलं, दुसऱ्या एका चिनी ग्रंथाचं भाषांतर. "हे निघालं तेव्हा बापट सर पंच्याहत्तरी ओलांडलेले होते," सर म्हणाले. "यातला मूळ चिनी ग्रंथ ज्यानं केला, त्या संघभद्राची एक गोष्ट चिनी लोकांनी लिहून ठेवलीय. ती सांगतो."

आणि त्यांनी गोष्ट सांगितली.

बुद्ध गेले. त्यानंतर उपालींनी भिक्षूंच्या नियमांचं संकलन केलं, त्याला विनय म्हणतात. त्या वर्षीचा पावसाळा संपला, वर्षावास उठला, तेव्हा उपालींनी विनयाच्या पोथीची फुलं वाहून पूजा केली आणि पोथीवर एक ठिपका दिला. पुढच्या वर्षी पुन्हा पूजा, पुन्हा एक ठिपका. उपाली गेले. पोथी शिष्याकडे आली, त्यानं ठिपके दिले. त्याच्या शिष्यानं दिले. असे गुरूकडून शिष्याकडे, वर्षामागून वर्षं ठिपके पडत राहिले. शेवटी ती पोथी संघभद्राकडे आली. तो समुद्रावरून चीनमधल्या कँटनला पोचला, तिथं विनयाच्या टीकेचं त्यानं चिनीत भाषांतर केलं, आणि 489 साली वर्षावास संपल्यावर पोथीची पूजा करून आपला ठिपका दिला. मग सगळे ठिपके मोजले. 975 भरले.

"म्हणजे बुद्ध जाऊन किती वर्षं झाली ते त्यावरून निघतं," सर म्हणाले. "सगळे अभ्यासक हा आकडा जसाच्या तसा मानतात असं नाही. पण परंपरा अशी सांगते."

"मग पुढं?" अप्पानं विचारलं.

"पुढं ठिपके थांबले. त्यानंतर पंचेचाळीसेक वर्षांनी, 535 साली, लू पर्वतावर एक गृहस्थ होंगतू नावाच्या भिक्षूला भेटला. त्याच्याकडून त्याला ही हकिगत मिळाली. त्यानं विचारलं, 489 नंतर ठिपके का दिसत नाहीत? होंगतू म्हणाला, आधीचे ठिपके सिद्ध पुरुषांनी आपल्या हातानं दिले. मी साधा माणूस. मी नुसती पोथी डोक्याला लावतो. ठिपका द्यायचं धाडस मला होत नाही."

अप्पा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "पोथी त्याच्यापाशी व्हती?"

"होती."

"पावसाळा झाला व्हता?"

"झाला होता."

"मग द्यायचा की." अप्पाला ते खरंच कळत नव्हतं. "ठिपका काय त्याच्या मोठेपणाचा व्हता? ठिपका वर्षाचा व्हता. आमी खडूनं रेघ वढतो ती पोत्यांची. वढणारा कोण, हे बाबू इचारतो का? रेघ नाय वढली तर पोती मातर हिशेबात गेली न्हाईत."

सर गप्प झाले. मुलगा खाली बघत राहिला.

थोड्या वेळानं अप्पा त्याच्याकडे वळून म्हणाला, "दुष्काळ काय, आज हाय, उद्या पाऊस पडंल. पोती वाहायला इथं माणसं हायेत. तुझं ते बंद पडलं तर तिथं कोण हाय?"

मुलाला उत्तर सुचलं नाही. लहान गाडी आली तेव्हा सर विजापूरला गेले. पंधरा दिवसांनी ट्रंक पुण्याला परत गेली.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे, कारण त्यात मोठं काही घडलं नाही. तो काही काळ शांतिनिकेतनला चीना भवनात राहिला. 1937 साली रवींद्रनाथांनी तान युन-शान यांच्या साथीनं सुरू केलेलं ते घर. तिथं भिंतभर चिनी ग्रंथ होते आणि ते उघडायला येणारी माणसं थोडी होती. मग एका कॉलेजात त्याला नोकरी लागली. वर्गात कधी तीन मुलं, कधी एक. एका वर्षी कोणीच आलं नाही, तेव्हा तो वेळापत्रकातल्या तासाला रिकाम्या वर्गात जाऊन आपलं पुढचं पान वाचत बसला. त्यानं 'विमुत्तिमग्गा'तल्या एकाच प्रकरणावर काम केलं. माणसांच्या स्वभावाचं प्रकरण. बुद्धघोष स्वभावाचे सहा प्रकार धरतात, उपतिस्स चौदा सांगतात. ते चौदा कुठून आले, सहात कसे बसले, एवढाच त्याचा प्रश्न. त्याचं पुस्तक निघालं ते बोटाच्या जाडीचंसुद्धा नव्हतं. ते पाहायला अप्पा उरला नव्हता.

निवृत्त झाल्यावर तो होटगीला परत आला. लोक त्याला मास्तर म्हणू लागले. सकाळी मठापर्यंत फिरून यायचं, नाश्ता करायचा आणि वाचत बसायचं.

शेजारच्या घरात एक मुलगी होती. सोलापुरात इंजिनीअर झालेली. चीनमधून यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळावी म्हणून तिनं मोबाइलवर चिनी शिकायला घेतलं आणि वर्षा-दीड वर्षात चांगली बोलू लागली. मास्तरांना चिनी येतं असं कळल्यावर ती धावत आली आणि भडाभडा बोलली. मास्तरांना एक वाक्य कळलं नाही.

"आजोबा, तुम्हाला चिनी येतं ना?"

"वाचता येतं. तेही दीड हजार वर्षांपूर्वीचं. बोललो मी कधीच नाही."

त्यांनी तिला पान दाखवलं. आता तिला काही कळेना. तिची अक्षरं नव्या सोप्या वळणाची, ही जुनी, रेघांनी गच्च भरलेली. पण तिला ते सोडवेना. रोज संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपून ती येऊ लागली. ती वाचून दाखवायची, ते अर्थ सांगायचे. जी अक्षरं त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त डोळ्यांनी पाहिली होती, ती आता त्यांना ऐकू येत होती.

एका संध्याकाळी ती त्यांच्या पुस्तकातलं भाषांतर मुळाशी ताडून बघत होती. एका ओळीपाशी ती अडली. मोठ्यानं वाचली. पुन्हा वाचली.

"आजोबा, इथं तुम्ही वाक्य आधी तोडलंय. वाचताना ते तिथं थांबत नाही. हा नकार आहे ना, तो पुढच्या वाक्यात जातोय असं वाटतंय."

मास्तरांनी चष्मा लावला. टोकियोच्या छापील पानावर त्या जागी संपादकांची खूण होती. सरांनी बजावून सांगितलं होतं तरी त्या एका जागी ते त्या खुणेवर विसंबले होते. नकार पुढं नेला की स्वभावाचा एक प्रकार उलटा होत होता, आणि तसा उलटा झाला की तो बुद्धघोषांच्या सहापैकी एकाशी नेमका जुळत होता. चाळीस वर्षं जे कोडं त्यांना टोचत होतं ते तिथं सुटत होतं.

त्यांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले. पेन्सिल तिच्या हातात देऊन म्हणाले, "लिही. समासात दुरुस्ती लिही आणि खाली तुझं नाव आणि तारीख घाल."

तिनं पेन्सिल घेतली नाही. "मी कशी लिहू? तुम्ही एवढे मोठे. तुमच्या पुस्तकावर? मी तर मोबाइलवर शिकले."

मग मास्तरांनी तिला होंगतूची गोष्ट सांगितली, आणि त्यावर स्टेशनात एका हमालानं काय म्हटलं होतं, तेही सांगितलं.

होंगतू चांगला माणूस होता. त्याच्या मनात पोथीबद्दल जेवढा आदर होता, तेवढा ठिपके देणाऱ्या कितीकांच्या मनात नसेलही. तरी नऊशे पंचाहत्तर वर्षांत जे काम लढायांनी थांबवलं नाही, समुद्रानं थांबवलं नाही, ते एका भल्या माणसाच्या संकोचानं थांबलं. आपण लहान आहोत असं त्याला वाटलं, आणि ते खरंही असेल. पण पोथी त्याच्या हातात होती, हेही तितकंच खरं होतं. हातात आलेलं काम आपली योग्यता विचारत नाही. मागून आलेला माणूस आधीच्यांएवढा नसतो, आणि कधीकधी आधीच्यांना न दिसलेली जागा त्यालाच दिसते.

मुलीनं पेन्सिल घेतली. समासात बारीक अक्षरात दुरुस्ती लिहिली. नाव घातलं, तारीख घातली. मास्तरांनी तिला ती दुरुस्ती एका स्वतंत्र टिपणात नीट मांडायला लावली. मुळातली ओळ, छापील खूण, नवं वाचन, बुद्धघोषांशी जुळणी, असं सगळं त्यात होतं. पुण्याला कोणाला पाठवायचं, तेही सांगितलं. टिपण चार वेळा परत लिहावं लागलं, कारण ते एकही पायरी गाळू देईनात.

पाकीट टाकून ती पोस्टातून परत आली तेव्हा मास्तर नेहमीसारखे वाचत बसले होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, सातव्या प्रकारापाशी मला आणखी एक शंका आहे. तिथंही ती खूण चुकलेली वाटते."

मास्तरांनी 32 वा खंड तिच्याकडे फिरवला.